फील्डबुकातली बारा मिनिटं

खानापूर स्टँडासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
बोर्डावर वर कन्नड, खाली मराठी,
मधल्या पट्टीत फोन नंबर,
त्याच्यावर अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

दुपारी गर्दी ओसरली की कल्लाप्पा मुचंडीकर येतात.
मोजणी खात्यातून निवृत्त.
साखळी ओढून ओढून डावा खांदा उतरलेला.
खिशातून कागद काढतात:
‘पोरी, हे आकडे घाल बघू. साल उणे एक हजार नऊशे…’
मी घालते. मशीन विचार करतं.
चार हजार वर्षांमागची एक अमावस्या
माझ्या कॉम्प्युटरवर, भिंगरीसारखी फिरत राहते.

त्यांना एक ग्रहण शोधायचं आहे.
जुन्या सूक्तातलं. भरदिवसा सूर्य हरवला,
माणसं वाट चुकल्यासारखी उभी राहिली,
आणि एका ऋषीनं चौथ्या मंत्रात तो शोधून काढला.
बस्स, एवढंच.
‘साल नाही, तिथी नाही, गाव नाही,’ ते चष्मा पुसतात,
‘चतुःसीमा नसलेला कागद आहे हा.
असा कागद आणला असता कुणी
तर मी टेबलावरनं परत ढकलला असता.’

खरं, ते ढकलत नाहीत.
विषुवाच्या आसपासचं पाहिजे, म्हणतात.
दिवसा, आणि पुरतं काळं.
चाळून चाळून तीन उरली.
तिन्हींच्या सावल्या नकाशावर तिरप्या पडल्या,
एक सिंधूवरून, एक तिच्या बरीच खाली,
एक तर नुसती समुद्रातून.
आणि तिन्ही हलतात.
कारण पृथ्वी मंदावत आली आहे.
चंद्र पाणी ओढतो, पाणी तिला घासतं,
शतकामागून शतक दिवस केसभर लांबतो,
आणि ते केस साठून साठून
तिकडं मागं अर्धा दिवस होतो.
नेमका किती, ते कुणालाच ठाऊक नाही.

‘किती चूक धरू?’ मी विचारलं.
ते काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून फील्डबुक आणलं.
सोळा फेब्रुवारी, एकोणीसशे ऐंशी.
त्या दुपारी काळोख कारवार-हुबळीवरून गेला,
लोंढ्यापर्यंत त्याची कड आली असेल नसेल,
खानापूर थोडक्यात राहिलं.
रस्ते ओस. बायका-पोरं दारं लावून आत.
हे मात्र दोन भावांच्या बांधावर उभे,
कारण तारीख साहेबानं दिलेली.
दोघेही भाऊ आलेच नव्हते.

पानावर पेन्सिलीत: ‘उजेड अगदी कमी, ३.२९.’
मशीन म्हणालं, तीन एकेचाळीस.

बारा मिनिटं.
मी गंमत म्हणून हिशोब केला:
बारा मिनिटं म्हणजे तीन अंश,
लोंढ्याची हद्द पार रायचुरात.

ते इतके हसले की खोकला लागला.
‘घड्याळ मी पॅसेंजरवर लावायचो.
तिची शिट्टी झाली की काटा वेळापत्रकाच्या जागी.
त्या दिवशी लेट असणार गा ती!’
मग जरा थांबून,
‘ही पृथ्वी पण तसलीच.’

त्याच ओळीच्या खाली आणखी एक आकडा होता.
आधी तेहेतीस, मग अडतीस, मग खोडून पुन्हा तेहेतीस.
पेन्सिलीचं टोक कागदात रुतून मोडलेलं.
तीस वर्षांच्या नोकरीतली एवढी एकच खाडाखोड, म्हणाले.
त्यावर बोट ठेवून बराच वेळ बसले.
मी वेळ बघायचं सोडून ते भोक बघत राहिले.

‘तिन्हीतलं कुठलं लिहू, मामा?’
‘दगड घालू नको. तिन्ही असू देत.
त्यानं बघितलं होतं एवढं लिही.’
‘कशावरून?’

तेवढ्यात काउंटरवर नंदगडचा एक माणूस,
उताऱ्याची कॉपी पाहिजे, दोन, लवकर, बस लागली आहे.
मी झाकण उचललं.
हिरवा उजेड काचेखालून सरकत गेला,
या कडेपासून त्या कडेपर्यंत,
आणि कल्लाप्पांनी सवयीनं मनगट वर केलं.