स्थिर आकार

दर तीन महिन्यांनी पाच पाकिटं यायची,
पाच वेगळ्या चुली मांडल्यासारखी.
घर. गोठा. ओढ्यावरचा पंप.
बटाट्याची शेड, जिच्यात बटाटे नाहीत,
आणि टेकडीवरची खोली, जिच्यात रोमर्ट नाही.

सासरे फ्रीसलंडहून आलेले.
पोरांची भांडणं नकोत म्हणून
जितकी छपरं घातली तितके मीटर बसवले.
टास्मानियाच्या या टोकाला वारा तेवढा फुकट.

जुलैत दुधाचे दर पडले
तेव्हा मी पाचही बिलं टेबलावर पसरली,
चष्मा पुसला आणि पहिल्यांदा खालून वर वाचली.
गोठ्याचं मी समजू शकते:
पहाटे साडेचारला दोनशे दहा गाई,
दूध गार करायचं, धुवायला पाणी गरम करायचं,
एकाच भिंतीला पाठ लावून दोन यंत्रं
एकमेकांच्या उलट राबतात.
आपल्या लग्नासारखी, डाउवे म्हणतो.
पण शेडचं बिल?
वीज आकार: शून्य.
स्थिर आकार: दिवसाला सव्वा डॉलर.
काही न केल्याचा. नुसतं असल्याचा.

डेंझिल वायरमन आला, दुखऱ्या गुडघ्यांनी
पेटीपेटीपाशी वाकला.
एकीत कोळ्याचं घर, एकीत सासऱ्यांच्या काळातलं शिशाचं सील.
मिसेस हूक्स्त्रा, म्हणाला, पाचाचे दोन करू.
पंप राहू दे, लांब आहे, त्याचा दरही वेगळा.
घर आणि शेड गोठ्यावर घेऊ,
पाणी रात्रीच्या दरात तापवा.
वरची खोली तोडून टाकू.
तिथवर केबल न्यायची तर एकशे ऐंशी मीटर चर,
चार हजार डॉलर, वसूल व्हायला नऊ वर्षं.
हिशेब बसत नाही.

नाहीच बसत. मी मान हलवली.
रात्री, सही करण्याआधी,
खोलीची जुनी बिलं काढली, सवयीनं.
शून्य, शून्य, शून्य, चार.
शून्य, शून्य, शून्य, चार.
रोमर्टला जाऊन अकरा वर्षं झाली,
अकराही हिवाळ्यांत चार युनिट.

चार युनिट म्हणजे
त्याचा तो दोन दांड्यांचा हीटर, दोन तास.

नऊ ऑगस्टला डाउवे वरच्या कुंपणाची तार ताणायला जातो.
दरवर्षी तीच तारीख, तीच तार.
इतकी कशी सैल होते, मी कधी विचारलं नाही.

सकाळी डेंझिलला म्हटलं, चर खणा.
पण नऊ वर्षं, तो म्हणाला.
मला मोजता येतं, मी म्हटलं.
डाउवे बुटाची नाडी बांधत होता, बांधतच राहिला.
दुपारी त्यानेच ट्रॅक्टर काढला
आणि चर असा सरळ नेला
की डेंझिलने आखायची दोरी गुंडाळून खिशात टाकली.

आता दोन पाकिटं येतात.
वर्षाला तेराशे डॉलर सुटले, पाण्याचे वेगळे.
बँकेतली बाई शाबास म्हणाली.
फक्त
गोठ्याच्या त्या हजारो युनिटांत
चार कुठे विरघळतात,
मला दिसत नाही आता.

आज नऊ ऑगस्ट.
डाउवेने पक्कड घेतली, हातमोजे घेतले.
मी थर्मासमध्ये कॉफी भरली
आणि पिशवीत ठेवले
दोन कप.