काटा हिरव्यात

खंडेनवमीला वडगावच्या मागांवर हळद चढते,
मोटारीवर, कांडी-मशीनवर,
कोपऱ्यातल्या लाल सिलिंडरवरही.
शंकरेप्पानं त्याला झेंडूचा हार घातलेला,
घड्याळाच्या काचेवर बोटभर कुंकू.
मी पुसायला गेलो तर म्हणाला,
देवाचं आहे वो, असू दे की.

माझं काम एवढंच,
उद्यमबागेपासून खासबागेपर्यंत
स्कूटरला वजनकाटा बांधून हिंडायचं,
भरायचं, तोलायचं, तारीख चिकटवायची.
लोक चहा देतात. ऐकत नाहीत.
पोरं ओढतात म्हणून पिन सुतळीनं आवळलेली,
पुढं साड्यांचे गठ्ठे, आढ्यापर्यंत.

सुतळी कापली तेवढ्यात
चार नंबरच्या मागाखाली, बोर्डाच्या अंगानं,
साठलेल्या सुताच्या पिंजरानं पेट घेतला.
आवाजसुद्धा नाही.
निंगव्वानं बादली उचलली.
मी काय काय ओरडलो आठवत नाही,
तिला पोचलं ते एवढंच : नीर ब्याड!
पाणी तिच्याच पायांवर हिंदकळलं.

शंकरेप्पानं मेन पाडला.
सिलिंडर तिनंच धरला, माझ्या आधी.
दार पाठीशी ठेव. एवढ्या जवळ नको.
पिन ओढ. शेंड्यावर नको मारू, बुडावर.
दाब. आता झाडू मारतीस तसं,
इकडून तिकडं.
झाडू म्हटल्यावर हात बरोबर वळले.

मग नुसता पांढरा धूर, खोकला,
आणि मागावर अर्धी विणलेली पोपटी साडी,
पिठात लोळवल्यासारखी.
शंकरेप्पा तिच्याकडंच बघत राहिला.
बोर्डाला गॅसचा घे, मी म्हणालो,
मागं काही उरत नाही त्याचं,
फक्त भोंग्याला हात लावू नको, गारठ्यानं कातडी सोलते.
सुताला मात्र हाच.
दोन्ही दाराच्या वाटेवर. गठ्ठ्यांमागं नाही.
किती पडतील?
सांगितले.
तो बोटांवर साडीचा हिशेब करत बसला.

अर्धा हाय की अजून, निंगव्वा म्हणाली, टांगू परत?
नको. एकदा दाबला की दाब गळत राहतो,
उद्या रिकामाच लटकेल. भरूनच आणतो.
तिनं पदरानं काच पुसली.
काटा तांबड्यात.
तांबडं म्हणजे?
म्हणजे संपला.
तिनं कुंकवाचं बोट बघितलं,
मग शंकरेप्पाकडं,
आणि हसू दाबताना पुन्हा खोकली.

मी हार काढून खिळ्याला लावला,
सिलिंडर स्कूटरला बांधला.