नावाचा रकाना

आमच्या लेसोथोत नाव आधी येतं, मूल मागून.
लग्नाच्या दिवशीच सासू सुनेला सांगते,
आजपासून तू मा-पाबालो. पाबालोची आई.
पाबालो म्हणजे काळजी, जपणूक.
ती तेव्हा कुठेच नसते.
तरी झऱ्यावर, दुकानात, चर्चच्या बाकावर
सगळे त्याच नावाने हाक मारतात
आणि नवी नवरी ओ देते.

दवाखान्याच्या मागे पत्र्याची एक खोली आहे,
दिवस भरत आलेल्या बायांसाठी.
मालुटीच्या डोंगरापलीकडून येतात त्या, घोड्यावरून,
पिठाची पिशवी, एखादं पातेलं,
छातीशी मोठ्या पिनेने अडकवलेलं घोंगडं.
जुलैत इथे बर्फ पडतो. खिंड बंद झाली
की रुग्णवाहिका म्हणजे नुसता भिंतीवरचा फोन नंबर.

ती आली तेव्हा अजून सात आठवडे होते.
मी म्हटलं, फारच लवकर आलीस.
"मागल्या वेळी उशिरा आले होते," एवढंच बोलली
आणि लगाम दिराच्या हातात दिला.

मागल्या वेळी.
रात्री मी रजिस्टरची पानं उलटली.
माझंच अक्षर.
'परिणाम' हा रकाना बोटभर रुंद,
त्यात एकच शब्द मावतो,
आणि तो मी नीट, न खोडता लिहिला होता.

मक्याचा घाटा ढवळताना बाया एकमेकींची
माहेरची नावं काढत होत्या, चेष्टेत.
ती म्हणाली, मोसेलांत्या.
कुत्र्याचं शेपूट! सगळ्या खिदळल्या.
हिच्या आधीची तीन गेली होती,
म्हणून आईने असं नाव ठेवलं
की मरणाला उचलावंसंच वाटू नये.
"फळलं की," ती म्हणाली, "बघा, आहे मी अजून,"
आणि सगळ्यांच्या ताटल्यांत घाटा वाढला.

तिसऱ्या रात्री कळा आल्या. वीज गेलेली.
पहाटे चारला मुलगी झाली, सतराशे ग्रॅम.
काचेची पेटी जिल्ह्याला,
जिल्हा खिंडीपलीकडे.
मी तिचा स्वेटर काढला,
पोरीला उघडीच तिच्या उघड्या छातीवर ठेवली,
बेडकासारखी, पाय दुमडून,
डोक्यावर माझा लोकरी मोजा,
आणि दोघींना एकाच फडक्यात करकचून बांधलं.
आता तूच पेटी, मी म्हटलं. श्वास घेत राहा.
तुझा ऐकूनच तिला आठवेल, आपल्यालाही घ्यायचाय.

दुसऱ्या दिवशी सोळाशे साठ.
तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी काट्याकडे.
"आधी उतरतंच," मी म्हटलं. खरंच उतरतं.
पण मागल्या वेळीही मी
काहीतरी खरंच सांगितलं असणार.

मग पिळलेलं दूध, चमचा, दोन तास.
चमचा, दोन तास.
शेजारची बाई आपलं भलंमोठं पोट सावरत
रात्री उठून शेगडीत शेणी सारायची.
कोणी तिला सांगितलं नव्हतं.

नवव्या दिवशी सासू आली, खिंड पायी उतरून.
बूट भिजून काळे. काही विचारलं नाही.
शेगडीपाशी हात शेकले, उलटे, सुलटे,
बराच वेळ,
मग स्वतःच्या ब्लाउजची बटणं काढली.
"दे इकडे. तू झोप."

आज अठराशे दहा.
मी रजिस्टर घेऊन गेले. नावाचा रकाना कोरा होता.
पाबालोच ना? मी विचारलं. पेन टेकवलंही होतं.
ती सासूकडे पाहत राहिली, सासू खिडकीकडे.
"ते नाव एकदा वापरून झालंय," म्हातारी म्हणाली.
"हिला अजून थोडे दिवस
शेपूटच म्हणू."

पेन मी खिशात ठेवलं.
घोंगड्याच्या आत, म्हातारीच्या सुरकुत्यांत कुठेतरी
शेपूट शिंकलं.