एका वेळी एक बोट

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे भिंतींना अजून धुरवलेल्या हॅडॉकचा वास आहे,
मी काळ्या पडद्यावर एक ओळ लिहितो
आणि एंटर दाबायला कचरतो.

काल कचरलो नव्हतो.
काल म्हटलं, आठ. आठ फोल्डर एकदम सुटू देत.
एकशे चाळीस ट्रॉलर, त्यांच्या खलाशांच्या याद्या,
पान न् पान स्कॅन केलेलं मॉरीनबाईंनी, हातमोजे घालून,
तीन हिवाळे.
अक्षरं पडद्यावर अशी पळत होती
की वाटलं, चहा पिऊन येईतो झालंच.

चहा झाला. दोन वाजून दहा मिनिटांनी लाइन गेली.
आठही अर्धवट.
‘रोझमंड’चा कप्तान पोचला, स्वयंपाकी नाही.
‘लेडी विनिफ्रेड’ची नुसती पाटी, आत काही नाही.
कुणाची सतरा पानं, कुणाची चार,
आणि लिंकनच्या सर्व्हरचं एकच पालुपद:
फार जण एकदम आलात, थांबा.

मॉरीनबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या,
“मग आता पोचलं कोण आणि राहिलं कोण?”
हाच प्रश्न या गावात
पूर्वी धक्क्यावर उभं राहून विचारत असतील.

आज मॅन्युअल उघडलं.
समांतर फोल्डर: बंद. समांतर फाइली: चार.
मालवणात आमच्याकडे पंगत अशीच.
वाढपी चार, भात, आमटी, भाजी, सोलकढी,
पण ओळ एकच. ती उठल्याशिवाय दुसरी पानं मांडायची नाहीत,
आणि आत्या दाराशी उभी राहून मोजणार
कोण जेवलं, कोण जेवायचं राहिलं.

एंटर.
‘रोझमंड’. पान एक, दोन, तीन, चार,
एक उठलं की पाचवं बसतं.
हळू. मॉरीनबाई विणकाम घेऊन शेजारी बसल्या.
पान अकरा: आल्बर्ट स्टब्ज, वय चौदा, डेकवरचा पोरगा,
सहीच्या जागी फुली.
गेला.
म्हणजे, पोचला.

साडेतीनला लाइन पुन्हा गेली.
“सदतीस आत,” मी म्हणालो, “अडतिसावी दारात.”
त्यांनी वहीत लिहून घेतलं, पेन्सिलीने,
आणि सुईवरचे टाके
पहिल्यापासून मोजायला लागल्या.