विलायती, पहिला

कॅसेटवर बँडचं नाव नव्हतं.
माजरीच्या कॉलनीतून आली तेव्हा
निळ्या पेनानं एवढंच: विलायती, पहिला.

सेल उतरले की गवय्याचा घसा बसायचा.
शालिक नैताम मग ते सेल कवेलूवर उन्हात ठेवायचा
अन् आम्ही खाली बसून राहायचो,
वर चार गोरी पोरं वाळत घातल्यासारखी,
सांडग्यांच्या शेजारी.

शब्द एक कळला नाही.
पण ड्रम असा,
की धानाच्या बांधीतून कोणी अनवाणी पळत सुटलाय
अन् पाय रुतत नाही.

दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्यात,
शालिकच्या बापाचं बोट लाल बटणावर पडलेलं:
अकरा... बारा... अबे ढोर हाकल ना... तेरा...
खळ्यावरचे भारे.
मग परत गिटार, जसं काही झालंच नाही.

त्या सालच्या मंडईत, नाटकात,
खलनायक आत आला तेव्हा
शालिकनं ढोलकीवर तेच काढलं,
बारावर दम धरून, ढोराएवढी जागा सोडून, तेरा.
आता वडशाच्या चार कंपन्यांत
खलनायक असाच येते.

परवा भाच्यानं मोबाईलवर अख्खा अल्बम लावला.
स्वच्छ. बँडचं नावही सांगितलं, मी विसरलो.
तिसरं गाणं आलं
अन् बारावर न थांबता निघून गेलं.

मी म्हटलं, यात काही सुटलं आहे.
मामा, हेच तर ओरिजिनल.

असेल बाप्पा.
मग ढोर कोणी हाकललं?