कशाचे शंभर?

बार्न्सलीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
मंगळवारी साडेसहाला मी मोठ्या माणसांना टक्केवारी शिकवते.
हीटर खोलीची एक बाजू भाजतो, दुसरी गारठवतो.
सरासरी काढली तर खोली अगदी सुखाची आहे.

क्रेग आठवडाभर परांच्या बांधतो
आणि रविवारी अकराच्या आतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो.
म्हणतो, मी त्यांना सांगतो, एकशे दहा टक्के द्या.
मी फळ्यावर गोल भाकरी काढते.
ही अख्खी. हिच्यातले एकशे दहा कसे खाशील?
क्रेग म्हणतो, शेजारच्याच्या ताटातून.
वर्ग हसतो. मीही हसते,
पण लाल पेन खाली ठेवत नाही.

वाटा शंभरापुढे जात नाही.
वाढ जाते.
दरवर्षी मी हे याच दोन ओळींत सांगते
आणि दरवर्षी ते मला पुरेसं वाटतं.

तेव्हा बेरिल हेपवर्थ पर्समधून गॅसचं बिल काढते,
चार घड्या घातलेलं.
मागच्या हिवाळ्यात पन्नास पौंड, यंदा एकशे वीस.
किती टक्के, ते ती ओठ हलवत मांडते.
एकशे चाळीस. बरोबर.
शाबास म्हणावं का, मला कळत नाही.
"मग एकशे चाळीस टक्के उतरेल पण?"
नाही, बेरिल. उतरायला शंभरच पायऱ्या,
त्याखाली गॅसवाल्यांनी तुला पैसे द्यायला हवेत.
चढायच्या जिन्याला मात्र वरचा मजलाच नाही.
कुणी बोलत नाही.
हीटर टकटक करतो.

लेशेक बेकरीतून थेट येतो, भुवयांत मैदा.
त्याच्या वहीत पीठ नेहमी शंभर,
पाणी सत्तर, आंबवण वीस, मीठ दोन.
बेरीज एकशे ब्याण्णव, तरी पाव रोज फुगतो.
"टीचर, चूक आहे?"
नाही रे. तुझे शंभर पिठाचे आहेत, पावाचे नाहीत.
आधी विचारायचं, कशाचे शंभर?

परतीच्या बसमध्ये माझी भाषा शेजारी येऊन बसते,
जी गणिताच्या तासाला कधी सरळ बसलीच नाही:
शेराला सव्वाशेर,
बाराच्या वर्षात मध्येच घुसणारा तेरावा अधिक महिना,
आणि आहेराच्या पाकिटात शंभरावर तो एक रुपया.
तो राहिला तर वडील डिंकाने चिकटवलेलं पाकीट
पुन्हा उघडायला लावत.
म्हणत, शंभरावर थांबायचं नसतं.
हे मी वर्गात एकदाच सांगितलं,
उदाहरण म्हणून नाही,
प्रोजेक्टर बंद पडला होता म्हणून.

मार्चमध्ये क्रेगची पोरं सहा-शून्य हरली.
त्यातला एक, शिट्टी वाजायला मिनिट उरलेलं असताना,
बाहेर चाललेल्या चेंडूमागे
कुंपणाच्या काटेरी झुडपापर्यंत धावला.
किती टक्के, मी विचारलं.
क्रेग खांदे उडवून म्हणाला,
"त्याच्यात होते त्यापेक्षा जास्त."
चूक.
वहीच्या कोपऱ्यात, त्याला दिसणार नाही अशी,
मी बरोबरची खूण केली.

जूनच्या शेवटच्या तासाला टेबलावर पाकीट होतं.
आत वीस पौंडांची नोट,
तिला चिकटपट्टीने डकवलेलं एक पौंडाचं नाणं.
मागे बेरिलच्या अक्षरात, रीतीसकट:
एकवीस भागिले वीस, गुणिले शंभर,
बरोबर एकशे पाच टक्के.
उत्तराखाली दुहेरी रेघ, मी शिकवली तशीच.

कशाचे, ते लिहायचं राहिलं होतं.
अर्धा गुण कापायला हवा होता.

नाणं अजून नोटेलाच आहे.