हाताखाली

"तुमच्या हाताखाली माणसं किती असावीत?"
वाउटर विचारतो, लॅपटॉप मांडीवर.
नायवाशा सरोवरावरून वारा सुटलाय,
हरितगृहाचं प्लास्टिक फडफडतंय.
त्याला एक आकडा हवा, चौकटीत मावेल असा.

मी क्वाम्बोका. अकरा वर्षं गुलाबात आहे.
एक आकडा मला नाही सांगता यायचा.

प्रतवारीच्या टेबलांवर चाळीस जणी चालतील.
देठ माप, पान खुड, वीसची जुडी, रबर.
नाफुलाला तर मी महिन्यातून दोनदा हाक मारते,
तीही चहाला.
फवारणीला मात्र सहा. सातवा नको.
मास्क चढवले की सगळे सारखे दिसतात,
आणि खोकला कुणाचा, कळत नाही.

आठ नंबरची शेड इथून बारा मिनिटं चालत.
तिथले दहा म्हणजे पंचवीस धरा.
दर तासाला तुमचा तक्ता भरायचा,
तेवढा वेळ मी कुणाचीच नसते.
फेब्रुवारीच्या तोंडावर नवी माणसं येतात,
पहिला आठवडा एकेक जण तिघांएवढा.
आणि लोकोल, तुर्कानाचा, गेल्या महिन्यात बाळ गेलं त्याचं.
एकटाच आहे. कुठे लिहाल त्याला?

"दुसऱ्या फार्मवर एकामागे साठ आहेत," तो म्हणतो.
असतील.

मी त्याला शीतगृहापाशी नेते.
दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे त्रेसष्ट होते.
संध्याकाळी हजेरी घेतली, त्रेसष्ट भरले.
बस चुकू नये म्हणून केमुन्तोनं
मैत्रिणीच्या नावालाही "आहे" म्हटलं होतं.
मैत्रीण आत. दार बाहेरून लागलेलं.
पस्तीस मिनिटं.

चार अंशांत कुणी मरत नाही,
असं अहवालात आहे. खरंच आहे ते.
ती आता मोम्बासाला भावाकडे असते,
नाताळला फोन करते, दुकानाचं सांगते, उकाड्याचं सांगते.
पण ती दार बडवत होती
आणि आकडा जुळला म्हणून
आम्ही चपला बदलत होतो.

वाउटर दाराला हात लावून बघतो.
आतून उघडणारी कडी आता बसवलीय, मी दाखवते.
तो दोनदा उघडझाप करतो.
मग लॅपटॉप उघडून चौकटीत लिहितो: पस्तीस.

माणसं की मिनिटं,
मी विचारलं नाही.